अर्थ मिळत नाही

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं वायरिंग त्रास द्यायला लागलं की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, सगळं उपटून काढावं आणि नवा हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा तयार जुडगा, टाकावा, असं मी सात-आठ वर्षं ठामपणे सांगत आले. क्लबच्या बैठकीत सांगितलं, लोकांच्या गॅरेजमध्ये उभी राहून सांगितलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं. एका गृहस्थांनी तर माझं ऐकून हार्नेस बदललाही. ते मत चुकीचं होतं. गेल्या हिवाळ्यात मी ते सोडलं. कसं सोडलं ते नीट लिहायला हवं, कारण ज्यांनी माझं ऐकलं त्यांचं मी देणं लागते.

माझी गाडी १९७४ ची एमजीबी. दोघांनाच बसता येईल एवढी, उघड्या टपाची, क्रोमचे बंपर असलेल्या शेवटच्या गाड्यांपैकी एक. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ पासून १९८० पर्यंत ह्या गाड्या तयार होत होत्या, पाच लाखांहून जास्त झाल्या. मी राहते तिथून ते गाव फार लांब नाही. पण ही गाडी मी घेतली ती इथल्या कोणामुळे नव्हे, बाबांमुळे. बाबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ड्रायव्हर होते आणि त्यांच्या ताब्यात अ‍ॅम्बॅसडर होती. अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’चं, आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्याच घराण्यातलं थोरलं भावंड. पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा बाबा व्हिडिओ कॉलवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अगं, ही तर आपलीच की.”

इथे ह्या गाड्यांच्या विजेबद्दल एक जुनी थट्टा आहे. विजेचे बहुतेक सुटे भाग लुकस कंपनीचे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये दिवे आणि रॉकेल विकण्यापासून वाढलेला हा धंदा. तो काढणाऱ्या जोसेफ लुकस यांना गाडीमालक ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. मीही म्हणत आले. थट्टेचं एक वाईट असतं, पुन्हा पुन्हा ऐकली की ती माहिती वाटायला लागते. दिवा लागला नाही की कारण आधीच तयार असायचं: वायरिंग जुनं, बनावट हलकी, टाका काढून.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या गाडीने विचित्र वागायला सुरुवात केली. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो इथे, त्यामुळे दिसलं. साइडचे दिवे चालू असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाण मंद उजळायचा. इंडिकेटर दिलेलाच नव्हता. मागे जाऊन भिंतीवर पडणारा उजेड बघितला तर डावीकडचा लाल दिवा ब्रेक दाबल्यावर वाढायच्या ऐवजी मिणमिणता. शिवाय गाडी उभी असताना इंडिकेटर इतका सावकाश टिकटिकायचा की मागच्याला कळणार कधी. माझ्या मागून येणाऱ्या माणसाला मी थांबते आहे हे दिसत नव्हतं. हौसेच्या गाडीचा किरकोळ दोष म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी मीटर घेतला. मागचा डावा बल्ब काढला, होल्डरच्या टिकलीवर एक टोक, दिव्याच्या पत्र्यावर दुसरं. ब्रेक दाबायला शेजारच्या मुलाला बसवलं. १२.४ व्होल्ट. व्होल्टेज येतंय, बल्ब नवा, तरी उजेड नाही. मी निष्कर्ष काढला की वायर आतून कुजली आहे, कुठेतरी दोनच तारा शिल्लक आहेत. मागच्या बाजूचा नवा हार्नेस मागवला. तो खोक्यात आला, गॅरेजमधल्या फळीवर ठेवला, आणि डिकीतला जुना कापायला मी पक्कड हातात घेतली होती.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. मी काय करणार आहे ते सांगितलं. त्यांनी विचारलं, “बल्ब लावून बघितलास काय?”

म्हटलं, “बाबा, मीटरने बघितलंय, बारा व्होल्ट येतायत.”

“मीटर ऱ्हाऊ दे. बल्ब लाव की. अर्थ मिळत नसंल.”

हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले वायरिंगवाले काका एक होल्डर, त्यात बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे, एवढं घेऊन सगळी गाडी तपासायचे. बारा व्होल्टचा साधा बल्ब. बॉनेटखाली इकडे चिमटा, तिकडे टोचा, आणि मग हात पुसून झाल्यावर म्हणायचे, अर्थ मिळत नाही. कॉलेजात गेल्यावर मला ते अडाणी वाटायला लागलं. आकडा नाही, मोजमाप नाही, उजेड कमी की जास्त एवढंच. मी पहिल्या पगारात घेतलेला डिजिटल मीटर बाबांना दाखवला होता आणि तुमचा तसला बल्ब आता टाकून द्या म्हणाले होते. ते तेव्हाही काही बोलले नव्हते.

आता यातलं विज्ञान सांगते, कारण माझी चूक त्यात आहे. डिजिटल मीटर स्वतः करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या आत एक कोटी ओहमच्या आसपास रोध असतो. जोड गंजून त्यात पाच ओहम आले, पन्नास आले, पाचशे आले, तरी मीटरला फरक पडत नाही. तो १२.४ च दाखवणार, आणि खोटं दाखवत नाही. व्होल्टेज खरंच तिथपर्यंत पोचलेलं असतं, पण कोणी काही मागत नाही तोवरच. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. त्याच्या वाटेत एक ओहमचा जोड आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. काकांचा बल्ब करंट मागत होता. माझा मीटर मागत नव्हता. वाट धड आहे का हे विचारायचं असेल तर तिच्यावरून ओझं न्यायला हवं, आणि ते काम बल्ब करत होता. मला पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवलेला ओहमचा नियम आहे हा. गाडीखाली वाकले की तो मला आठवत नव्हता.

मी होल्डर, बल्ब आणि दोन वायरी जोडल्या. एक टोक ब्रेकच्या टिकलीवर, दुसरं दिव्याच्या पत्र्यावर. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल. मग पहिलं टोक तिथेच ठेवून दुसरं लांबवलं आणि डिकीच्या बिजागरीच्या खरवडलेल्या बोल्टवर टेकवलं. बल्ब लख्ख पेटला, डिकीतला कोपरान् कोपरा दिसला.

म्हणजे पन्नास वर्षांची ती जांभळ्या पट्ट्याची हिरवी वायर, जी कापायला मी निघाले होते, ती ब्रेकच्या स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंत पूर्ण करंट आणून देत होती. करंटला परत जाता येत नव्हतं.

घरात दिव्याला दोन वायरी येतात. गाडीत एकच येते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्यालाच अर्थ म्हणतात. एमजीबीत मागचा अख्खा दिवा ज्या नटांनी बसवलेला असतो त्याच नटांतून त्याचा करंट पत्र्यात उतरतो आणि पत्र्यातून सीटमागच्या बॅटऱ्यांपर्यंत जातो. त्या नटाखाली गंज आला, रंग आला, की तिन्ही फिलामेंटची वाट एकदम अडते. आणि वीज अडली की दुसरी वाट शोधते. ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरत होता, हिरव्या-लाल वायरने पुढे जात होता, पुढच्या डाव्या इंडिकेटरचा आणि डॅशबोर्डवरच्या बाणाचा अर्थ धरून परतत होता. म्हणून बाण उजळत होता. जे मला भुताटकी वाटलं त्यात एकही गोष्ट नियमाबाहेर नव्हती.

मग मीटर पुन्हा घेतला, पण ह्या वेळी योग्य प्रश्न विचारायला. बल्ब आपल्या जागी, ब्रेक दाबलेला, मीटरचं एक टोक दिव्याच्या पत्र्यावर आणि दुसरं लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं ६.१ व्होल्ट. निम्मी बॅटरी एका नटाखाली खर्च होत होती.

डिकीतलं अस्तर काढून तो नट सोडवला. वॉशर उचकटला तर खाली रंग. माझ्या आधीच्या कोणत्यातरी मालकाने डावं मडगार्ड ठोकून घेतलं होतं, छान रंगवून घेतलं होतं आणि दिवा रंगावरच बसवला होता. इतकी वर्षं नटाच्या आट्यांनी पत्र्याला जेवढं ओरबाडलं होतं तेवढ्यावरच तो दिवा जगत होता, आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने तेही खाल्लं. मी पॉलिश पेपर घेऊन रुपयाच्या नाण्याएवढा गोल घासला. आधी हिरवा रंग, मग करडा प्रायमर, त्याखाली आणखी एक जुना हिरवा, आणि मग पांढरा लखलखीत पत्रा. वॉशर दोन्ही बाजूंनी घासला, वर व्हॅसलीनचा हात फिरवला, नट आवळला. ०.०४ व्होल्ट.

नवा हार्नेस टाकला असता तर काय झालं असतं? दोन शनिवार-रविवार गेले असते, आणि नव्या वायरींनी तेवढाच करंट त्याच रंगलेल्या नटाशी आणून सोडला असता.

हे लिहिताना मला त्या गृहस्थांची आठवण टाळता येत नाही. त्यांची एमजीबी १९६५ ची, पॉझिटिव्ह अर्थची. १९६७ च्या आधीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस पत्र्याला असतो, डायनमो असतो आणि सगळ्या गाडीत मिळून दोनच फ्यूज. त्यांचे हेडलाइट पिवळे पडले होते. मी बघायला गेले, फार तर वीस मिनिटं थांबले आणि सांगितलं, हे वायरिंग संपलंय. ते सत्तरी ओलांडलेले, बोटं आखडलेली. चार महिने लागले त्यांना. डॅशबोर्ड खोलून, पाठीवर झोपून, एकेक वायर ओवून त्यांनी तो हार्नेस बसवला. हेडलाइट होते तसेच पिवळे राहिले. तेव्हा मी म्हटलं होतं, डायनमोच्याच गाड्या त्या, एवढाच उजेड असायचा. हे मी म्हटलं होतं. न तपासता.

स्वतःच्या गाडीचा नट सापडल्यावर पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. आधी चूक कबूल केली, मग मीटर काढला. हेडलाइट लावून दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं: उजवीकडे दोन व्होल्ट, डावीकडे त्याहून थोडं जास्त. दोन्ही बाजूंना हार्नेसच्या काळ्या वायरी एकेका गोल टिकलीत एकत्र येतात आणि ती टिकली आतल्या पत्र्यावर एका स्क्रूने दाबलेली असते. नवी कोरी टिकली त्यांनी त्याच गंजलेल्या भोकात, त्याच जुन्या स्क्रूने बसवली होती. त्यात त्यांची चूक काही नाही. मी हार्नेस बदला म्हणाले होते, स्क्रू बघा म्हणाले नव्हते.

माझ्या गाडीचा इंडिकेटर मात्र अजून सावकाशच होता. दिव्याचा नट घासल्याने तो थोडा सुधारला, पण इंजिन चालू करून अल्टरनेटरचं व्होल्टेज वाढेपर्यंत नीट चालेना. जुना फ्लॅशर आत पट्टी तापून चालतो, तिला तापायला पुरेसा करंट लागतो. करंट कमी मिळाला की तो आळसावतो, आणि लोक फ्लॅशरच बदलतात. मीही पूर्वी दोन बदलले आहेत. ह्या वेळी बॅटरीपासून वाट धरली. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावरची, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधली पण कायम चालू, निळी हेडलाइटची, लाल साइडची, काळी अर्थची. ही रंगांची भाषा ब्रिटिश गाड्यांत इतकी पक्की आहे की एकदा शिकलं की कुठल्याही बॉनेटखाली वाचता येते. ज्याने हे ठरवलं त्याने पन्नास वर्षांनी कोणीतरी अंधारात वाकून शोधेल याचा विचार केला होता, असं मला आता वाटतं. मी तिला गुंतवळ म्हणत होते.

दोन ठिकाणी व्होल्ट गळत होते. एक फ्यूजबॉक्समध्ये. वरून पितळी चिमटे चकचकीत, पण पुढचा चिमटा आणि मागचं टोक ज्या रिव्हेटने जोडलेलं असतं तिच्यात गंज. हात लावला तर गरम. दुसरं हॅझर्डच्या स्विचमध्ये. माझ्या गाडीत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या स्विचमधून जातो, आणि तो स्विच वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही. न वापरलेल्या संपर्कांवर काळी पुटं चढतात. वीस-पंचवीस वेळा खटखट चालू-बंद केला आणि इंडिकेटर चालायला लागला. फ्यूजबॉक्स तेवढा बदलला.

जोडांविषयी थोडं. ह्या गाडीत वायरीच्या टोकाला पितळेची गोळी असते आणि दोन गोळ्या रबरी नळीतल्या पत्र्याच्या खोबणीत समोरासमोर दाबून बसवतात. रेडिएटरजवळ असा एक झुबका आहे. त्यातली एक नळी मी ओढली. सहज निघाली नाही, पिळून काढावी लागली. आत हिरवी-निळी पूड. कळंक. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी राहिली की आजी फेकून द्यायची, कळकलंय म्हणायची. तोच हा. गोळी पुसली, नळी नवी घातली, व्हॅसलीन भरलं. वायर मात्र, एक इंचभर सोलून बघितली तर, १४ बारीक तारांची, प्रत्येक तार ०.३० मिलिमीटरची, आणि आत तांब्याचा रंग नव्यासारखा. कारखान्याने टाकलेली एकही वायर मला मधेच तुटलेली सापडली नाही. जे सापडलं ते नंतर घातलेलं: रेडिओसाठी चिमट्याने टोचून घेतलेली एक फांदी, धुक्याच्या दिव्यासाठी कुठूनही कुठेही ओढलेली लाल वायर, इन्सुलेशन टेपचे चिकट बोळे. ते सगळं काढलं. त्यात एक जोड माझ्याच हातचा होता.

जोसेफ लुकस यांच्या नावाची ती थट्टा मी आता करत नाही. दहा-बारा वर्षं चालावी म्हणून केलेली, बेतास बात किमतीची गाडी पन्नास वर्षं पावसात, मिठात राहिली, तिच्यावर आम्ही पाच-सहा मालकांनी हात चालवले, आणि बल्ब लागला नाही की दोष बर्मिंगहॅमला. हे न्यायाचं नाही.

हार्नेस कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. जळलेला असेल, उंदरांनी खाल्लेला असेल, वरचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर बदललाच पाहिजे. मूळ रचनेतली एक गोष्ट मला आजही पटत नाही. तपकिरी वायरींना फ्यूज नाही आणि हेडलाइटनाही नाही. कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झालं तर आगच. तिथे मी वेगळे फ्यूज घातले आहेत आणि ते काढणार नाही. आणि इंजिन-गिअरबॉक्स उतरवून परत चढवताना इंजिनपासून बॉडीपर्यंतची जाड अर्थची पट्टी बसवायला विसरू नये. इंजिन रबरावर बसलेलं असतं, पट्टी नसेल तर सेल्फचा शंभरावर अँपिअर करंट चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. मी सातवी-आठवीत असताना बाबांच्या अ‍ॅम्बॅसडरचं हेच झालं होतं. क्लचचं काम करून गाडी आली, बाबांनी सेल्फ मारला, चोक ओढायला हात घातला आणि चटका बसून हात मागे घेतला. डॅशबोर्डखालून धूर. काकांनी बल्बची पेटी उघडलीसुद्धा नाही. खाली वाकून बघितलं आणि गॅरेजवाल्याकडे पट्टी मागितली.

ह्यातलं निम्मं मी तेव्हाच बघितलं होतं. नट सापडल्यावर बाबांना फोन करून सांगितलं, आणि बल्ब टाकून द्या म्हणाले होते त्याबद्दलही बोलले. ते म्हणाले, “टाकलाय कुठं. शेजारच्या पोराला दिलाय, रिक्षाचं काम करतंय ते.” मग त्यांना ६.१ आणि ०.०४ हे आकडे पुन्हा ऐकायचे होते. दोनदा ऐकले.

त्या गृहस्थांनी काढलेला जुना हार्नेस टाकला नव्हता. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. मागच्या शनिवारी तो आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि एका बॅटरीवर एकेक वायर बल्ब लावून तपासली. ते टोकं शोधायचे, मी चिमटा लावायचे. दोन वायरी गेलेल्या, दोन्ही टोकाजवळ. बाकी सगळ्यांवर बल्ब पूर्ण पेटला. त्यांनी हार्नेस पुन्हा पोत्यात भरला आणि मला चहा दिला. उजव्या हेडलाइटचा स्क्रू आम्ही काढून, घासून, नवा बसवला आहे. डावा पुढच्या शनिवारी.